माळरान खरंच 'पडीक' असतं का? सोलापूरच्या गवताळ माळाची गोष्ट सोप्या शब्दांत

सोलापुरातून अक्कलकोटच्या रस्त्याने निघालं की थोड्याच अंतरावर कुंभारी लागतं. गेल्या वीसेक वर्षांत हे गाव बातम्यांमध्ये आलं ते घरांमुळे. आधी विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत इथे उभी राहिली. मग असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचा 'रे नगर' प्रकल्प आला. त्यातल्या 15 हजार घरांचं लोकार्पण जानेवारी 2024 मध्ये झालं.

कामगारांना हक्काची घरं हवी होती, याबद्दल वाद नाही. पण सोलापूरच्या आसपासच्या मोकळ्या जमिनीचा विषय निघाला की ठरलेले शब्द कानावर येतात : उजाड, ओसाड, पडीक. या जमिनीवर दाट झाडी नाही, म्हणजे तिथे काहीच नाही, असं आपण धरून चालतो.

वनस्पतीशास्त्राच्या नजरेतून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. माळावर गवतं, झुडपं, कंद आणि विरळ काटेरी झाडं यांचा एक नीट लावलेला संसार असतो. कोण कुठे उगवणार, हे मातीची खोली, पाऊस आणि चराई ठरवते. ही मांडणी समजली नाही, तर माळाचं भलं करायला जाऊन आपण त्याचं नुकसान करू शकतो. सोलापूर जिल्ह्यात असं घडलेलंही आहे.

वनस्पती समुदाय म्हणजे काय?

एखाद्या ठिकाणी नेहमी एकत्र सापडणाऱ्या वनस्पतींच्या गटाला 'वनस्पती समुदाय' म्हणतात. कोकणात खाडीच्या कडेला तिवरं दिसतात, महाबळेश्वरला जांभूळ आणि अंजनीची बुटकी झाडी दिसते, तसं सोलापूरच्या माळावर कुसळी, पवन्या, तरवड आणि हिवर दिसतात.

या वनस्पती एकत्र का येतात, यावर शंभर वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 मध्ये मांडलं की समुदाय हा एखाद्या सजीवासारखा असतो. तो टप्प्याटप्प्याने वाढतो आणि हवामानाला साजेशा अंतिम अवस्थेला पोहोचतो. हेन्री ग्लीसन यांनी 1926 मध्ये याला विरोध केला. त्यांचं म्हणणं होतं की प्रत्येक प्रजाती आपापल्या गरजेप्रमाणे जागा धरते आणि गरजा जुळल्या की त्या शेजारी होतात.

या वादाची कसोटी अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी डोंगरांत लागली. रॉबर्ट व्हिटेकर यांनी तिथल्या जंगलांचा अभ्यास 1956 मध्ये प्रसिद्ध केला. डोंगराच्या कोरड्या, उन्हाच्या धारेवर पाइन, मधल्या उतारांवर ओक आणि अक्रोडाच्या कुळातलं हिकरी, तर ओलसर खोऱ्यात वेगळीच दाट झाडी, अशी तिथली साधारण मांडणी. पण या पट्ट्यांमध्ये स्पष्ट सीमारेषा त्यांना सापडल्या नाहीत. ओलावा जसा हळूहळू बदलतो, तशी एक प्रजाती कमी होत जाते आणि दुसरी वाढत जाते.

सोलापूरला ओक नाही आणि हिकरीही नाही. नियम मात्र तोच लागू होतो. तिथे डोंगराची उंची आणि उताराची दिशा जे काम करतात, ते इथे मातीची खोली करते.

सोलापूरचा माळ असा का आहे?

पहिलं कारण पाऊस. सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. महाबळेश्वरला याच्या सुमारे दहापट पाऊस पडतो. शिवाय सोलापूरचा पाऊस लहरी आहे. जून-जुलैत ओढ धरायची आणि सप्टेंबरमध्ये बरसायचं, ही त्याची जुनी सवय. म्हणून तर या भागात रब्बीची ज्वारी मोठी.

दुसरं कारण जमीन. दख्खनचं पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून तयार झालेल्या काळ्या दगडाचं, म्हणजे बेसॉल्टचं आहे. तो झिजून मुरूम होतो आणि पुढे त्याची काळी माती होते. पाण्याबरोबर ती माती खोलगट भागात जाऊन साठते. उंचवट्यावर वीतभर मातीचा थर आणि खाली मुरूम उरतो. शेतकरी याला बरड किंवा हलकी जमीन म्हणतात.

अशा जमिनीत पावसाचं पाणी फार काळ टिकत नाही. मोठ्या झाडाला वर्षभर लागणारी ओल तिथे मिळत नाही. गवताचं गणित वेगळं असतं. त्याची मुळं वरच्या थरात जाळ्यासारखी पसरतात, पडलेला पाऊस लगेच उचलतात आणि तीन-चार महिन्यांत वाढ, फुलोरा, बी असं सगळं उरकून गवत वरून वाळून जातं. जमिनीखालचा ठोंब मात्र जिवंत राहतो. एप्रिलमध्ये मेल्यासारखा दिसणारा माळ वळवाच्या दोन सरींनंतर हिरवा होतो, तो या ठोंबांमुळे.

गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, ही त्याची आणखी एक जमेची बाजू. झाडाचा कोंब शेंड्याला असतो. शेळीने शेंडा खाल्ला की रोपटं खुंटतं, पण गवत वरून खाल्लं तरी खालून पुन्हा फुटतं.

बरडापासून ओढ्यापर्यंत कुठे काय उगवतं?

माळावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत गेलं तर वनस्पतींची ही मांडणी डोळ्यांनी पाहता येते.

माथ्यावर मातीचा थर सर्वांत पातळ असतो. तिथे बुटकी, बारीक काड्यांची गवतं असतात. दगडांच्या बेचक्यात माकडशिंगीसारख्या मांसल खोडाच्या वनस्पती सापडतात. पावसाळ्यात विष्णुक्रांतेची छोटी निळी फुलं जमिनीलगत दिसतात.

उतारावर माती थोडी वाढते आणि खरं कुरण सुरू होतं. पवन्या, कुसळी आणि डोंगरी ही इथली मुख्य बहुवर्षायू गवतं. त्यांच्यामध्ये बरबडा, उन्हाळी आणि खुळखुळा अशा शेंगावर्गीय वनस्पती असतात. त्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. म्हणजे कुरणाला खत घालण्याची सोय तिथेच झालेली असते. तरवडाची पिवळी झुडपं आणि बोरीच्या जाळ्या मध्येमध्ये दिसतात.

पायथ्याशी माती खोल आणि काळी होत जाते. इथे मारवेल येतं. जनावरांच्या आवडीच्या चाऱ्यात त्याचं नाव वरचं आहे. पण हीच जमीन ज्वारीलाही चांगली, म्हणून असे पट्टे बहुतेक ठिकाणी केव्हाच शेताखाली गेले. मारवेल आता मुख्यतः बांधावर उरलं आहे.

ओढ्याकाठी वर्षभर थोडी ओल असते. बाभूळ, हिवर, कडुनिंब, करंज आणि शिंदी ही झाडं इथली. सोलापूरच्या माळावर झाड शोधायचं असेल तर आधी पाण्याची वाट शोधावी लागते.

भारतातल्या गवताळ प्रदेशांचं मोठं सर्वेक्षण दबडघाव आणि शंकरनारायण या शास्त्रज्ञांनी केलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेने ते 1973 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी देशातल्या गवतांचे पाच मोठे गट पाडले. दख्खनसह द्वीपकल्पाचा बराचसा भाग ज्या गटात येतो, त्याला त्यांनी 'सेहिमा-डायकॅन्थियम' असं नाव दिलं. सेहिमा म्हणजे आपलं पवन्या आणि डायकॅन्थियम म्हणजे मारवेलचं कूळ. मेंढपाळांच्या तोंडी असलेल्या गवतांवरूनच अर्ध्या देशाच्या गवताळ पट्ट्याला शास्त्रीय नाव मिळालं आहे.

कुसळी वाढली तर काय समजायचं?

चराईप्रमाणे समुदाय बदलतो आणि हा बदल साधारण ठरलेल्या क्रमाने होतो.

चराई बेताची असेल तर पवन्या आणि मारवेल टिकून राहतात. ती वाढली की जनावरं आधी ही चवदार गवतं संपवतात, कारण त्यांना बी धरायला उसंतच मिळत नाही. मोकळ्या झालेल्या जागेत कुसळी पसरते. कोवळी असताना जनावरं ती खातात, पण बी धरलं की टाळतात. तिची टोकदार कुसळं जनावरांच्या तोंडाला टोचतात आणि मेंढीच्या लोकरीत अडकून कातडीपर्यंत जातात.

या कुसळाची रचना पाहण्यासारखी आहे. बियाला जोडलेलं लांब कुसळ कोरड्या हवेत पीळ घेतं आणि ओल लागली की पीळ सोडतं. या फिरण्यातून बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. पायजम्याला चिकटून आपल्याला वैताग देणारी गोष्ट त्या गवताचं पेरणीयंत्र असते.

चराई त्याहूनही वाढली की कुसळीसुद्धा मागे हटते. मग एका पावसात उगवून संपणारी हंगामी गवतं येतात आणि शेवटी सराटा, टाकळा आणि गाजर गवत उरतं. या अवस्थेत माती उघडी पडते आणि पहिल्याच जोराच्या पावसात वाहून जाते.

म्हणजे माळावर कोणतं गवत आहे, हे पाहून त्या माळाची तब्येत सांगता येते. धनगर आणि गुराखी हे पिढ्यानपिढ्या करत आले आहेत.

पूर्वी इथे घनदाट जंगल होतं का?

'इथे एकेकाळी दाट अरण्य होतं, माणसाने ते तोडलं आणि माळ उरला' असं अनेकदा सांगितलं जातं. काही ठिकाणी ते खरंही आहे. पण सगळ्या माळरानाला ते लागू होत नाही.

कडक ऊन आणि कमी पाण्यात वाढणाऱ्या गवतांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी असते. तिच्या खुणा मातीत लाखो वर्षं टिकतात. शिवालिक टेकड्यांमधल्या जुन्या मातीच्या थरांवरून दिसतं की भारतीय उपखंडात अशा गवतांचा मोठा प्रसार साधारण 80 ते 60 लाख वर्षांपूर्वी झाला. तेव्हा शेतीही नव्हती आणि कुऱ्हाडही नव्हती.

दुसरा पुरावा आपल्या भाषेतून येतो. तेराव्या शतकापासूनच्या मराठी साहित्यात, कथांमध्ये आणि ओव्यांमध्ये झाडांचे जे उल्लेख आहेत, ते संशोधकांनी तपासले. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पश्चिम महाराष्ट्रातला माळ निदान 750 वर्षांपासून माळच आहे. उल्लेखांमधली बहुतेक झाडं दाट जंगलातली नसून काटेरी, उघड्या माळावरची आहेत.

लोकधर्मातही हा माळ दिसतो. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात पंढरपूरच्या विठ्ठलाचं मूळ गवळी-धनगरांच्या दैवतापर्यंत नेलं. गाई-मेंढ्या पाळणाऱ्यांची एवढी मोठी परंपरा या भागात रुजली, त्याअर्थी चरायला कुरणंही इथे होतीच.

आणखी एक गोष्ट. भारतातल्या अशा गवताळ-काटेरी प्रदेशांमध्ये दोनशेहून अधिक वनस्पती प्रजाती केवळ याच देशात आढळणाऱ्या आहेत. त्यातल्या अनेकांची शास्त्राला ओळख अलीकडच्या दोन-तीन दशकांत झाली. ज्या जमिनीला आपण रिकामी म्हणतो, तिथली यादी अजून पूर्णही झालेली नाही.

मग 'पडीक' हा शिक्का कुठून आला?

इंग्रजांच्या काळात जमिनीची किंमत सारा किती येतो यावर ठरायची आणि जंगलाची किंमत लाकूड किती मिळतं यावर. माळ दोन्हींत बसत नव्हता. वनखात्याच्या विचारावर क्लेमेंट्स यांच्या कल्पनेचाही प्रभाव पडला आणि गवताळ प्रदेश म्हणजे 'अर्धवट राहिलेलं किंवा बिघडलेलं जंगल' अशी समजूत रुजली. गंमत म्हणजे खुद्द क्लेमेंट्स अमेरिकेतल्या प्रेअरी गवताळ प्रदेशाला पूर्ण वाढ झालेला समुदाय मानत होते.

ही समजूत आजही कागदोपत्री टिकून आहे. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात विरळ झुडपांची जमीन 'पडीक' या सदरात येते. देशाचं वनाच्छादन मोजताना एक हेक्टर जागेत झाडांच्या फांद्यांची सावली किमान 10 टक्के असावी लागते. या मापाने सोलापूर राज्यात तळाच्या जिल्ह्यांत जातो. आकडा कमी दिसला की तो वाढवण्यासाठी झाडं लावायचं ठरतं, आणि झाडं लावायला मोकळी जागा माळावरच दिसते. राज्य सरकारने 2016 ते 2019 या काळात 50 कोटी वृक्ष लागवडीची मोहीम राबवली, तेव्हा 'झाड लावाल कुठे?' हा प्रश्न 'झाड लावाल किती?' या प्रश्नामागे पडला.

नान्नजच्या माळावर काय घडलं?

सोलापूरच्या उत्तरेला नान्नज आहे. माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र तब्बल 8,496 चौरस किलोमीटर होतं आणि त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं होतं. पुढे ते सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.

माळढोक सुमारे मीटरभर उंच असतो आणि नराचं वजन 15 किलोपर्यंत जाऊ शकतं. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. धोका लांबून दिसावा म्हणून या पक्ष्याला मोकळा माळ लागतो.

1970 च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून इथल्या काही माळांना संरक्षण मिळालं. चराई थांबली, गवत वाढलं आणि त्याचा पक्ष्यांना फायदा झाला. पण त्याच काळात तिथे झाडंही लावली गेली. त्यात गिरीपुष्प म्हणजे उंदीरमारी हे मूळचं मध्य अमेरिकेतलं झाडही होतं. शेताच्या बांधावर ते हिरवळीच्या खतासाठी उपयोगी पडतं. माळावर मात्र ते दाट वाढलं, त्याच्या सावलीत गवत खुरटलं आणि माळढोकाची नजर अडली. पुढे ही झाडं काढण्याचं काम हाती घ्यावं लागलं.

माळढोक कमी होण्याला शिकार, विजेच्या तारा, बदलती पीकपद्धती अशी अनेक कारणं आहेत. तरीही नान्नजचा धडा स्पष्ट आहे. गवताला सांभाळलं तेव्हा फायदा झाला आणि झाडं वाढली तेव्हा तोटा झाला. आज जगात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असल्याचा अंदाज आहे आणि त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला गेल्या काही वर्षांत एखादाच पक्षी दिसल्याच्या नोंदी होतात. काळवीट, खोकड, लांडगा आणि धाविक मात्र अजूनही या माळांवर तग धरून आहेत.

वेडी बाभूळ आणि गाजर गवत

माळावरचे दोन पाहुणे आता घरमालक झाले आहेत. वेडी बाभूळ अमेरिका खंडातून सरपणासाठी आणली गेली. तिच्या शेंगा शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात आणि लेंड्यांतून बी सगळीकडे पोहोचतं. गाजर गवताची नोंद 1950 च्या दशकात पुण्यात झाली आणि आज ते देशभर आहे. जनावरं त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून चराईचा दाब उरलेल्या चांगल्या गवतावर आणखी वाढतो.

दोन्ही वनस्पती आधी मोडलेल्या जागा धरतात : रस्त्याची कडा, खोदलेले चर, मुरूम उपसलेले खड्डे. बहुवर्षायू गवताची वीण घट्ट असेल तिथे त्यांना सहज पाय ठेवता येत नाही. म्हणूनच चांगल्या कुरणात जेसीबीने चर खणण्याआधी दहादा विचार करायला हवा.

तुमच्या गावचा माळ कसा ओळखाल?

पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माळावर जा आणि या गोष्टी पाहा :

- गवत ठोंबाठोंबांनी उगवलंय का? तसं असेल तर ते बहुवर्षायू आहे आणि माळ जुना असण्याची शक्यता मोठी.
- पवन्या, मारवेल दिसतं का, की सगळीकडे फक्त कुसळी आहे?
- गवतात बरबडा, विष्णुक्रांता, रानकांदा, माकडशिंगी अशी विविधता आहे का?
- सराटा, टाकळा आणि गाजर गवत यांचं राज्य असेल तर माळ थकलेला आहे. त्याला चराईपासून विश्रांती हवी.

विश्रांती म्हणजे कायमची चराईबंदी नव्हे. माळाचे भाग पाडून आळीपाळीने चराई करणं, बी गळून पडल्यावरच गवत कापणं आणि वेडी बाभूळ मुळासकट काढणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

मग झाडं लावायचीच नाहीत का?

लावायची, पण जागा पाहून. ओढ्याकाठ, गावठाण, शाळेचं आवार, रस्त्याच्या कडा आणि शेताचे बांध इथे कडुनिंब, करंज, बाभूळ, हिवर लावता येतात. रे नगरसारख्या नव्या वसाहतींना तर सावलीची खरी गरज आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जातो, तेव्हा गल्लीतल्या कडुनिंबाचं मोल कुणाला सांगावं लागत नाही. मुद्दा इतकाच की जिवंत कुरणात खड्डे घेऊन हा आकडा गाठू नये. गवताळ प्रदेशही कार्बन साठवतात आणि तो मुख्यतः जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. खड्डे आणि नांगरटीने तोच मोकळा होतो.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष कुरणं आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलं आहे. सोलापूरला मात्र कुरणाची किंमत दुष्काळाने आधीच शिकवली आहे. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळात जिल्ह्यातली जनावरं चारा छावण्यांत बांधावी लागली. ज्याची शेती आहे त्याच्याकडे निदान कडबा तरी असतो. ज्याच्याकडे फक्त चार शेळ्या किंवा मेंढ्यांचा कळप आहे, त्याच्यासाठी गावचा माळ हीच गंजी असते. तो माळ पडीक ठरला की सगळ्यात आधी त्याचाच चारा जातो.